भविष्याची अक्षरं फक्त रोमनमध्येच का?

एखाद्या मराठी चित्रपटाचं, मोबाइल गेमचं किंवा नव्या कंपनीचं नाव काटकोनी, पट्टीनं आखल्यासारख्या देवनागरीत झळकलं की वादाला तोंड फुटतं. एका बाजूचे म्हणतात, ही देवनागरीच नाही, वळणदार लिपीचे हातपाय मोडून तिला डब्यात कोंबलंय. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, जग मंगळावर निघालंय आणि तुम्ही अजून बोरू-दौत घेऊन बसलात, ती शिरोरेषाही एकदाची काढून टाका. मग संस्कृती, गुलामी, प्रगती, अस्मिता असे मोठमोठे शब्द येतात आणि अक्षर बाजूलाच राहतं. ते कुठे लागणार आहे, किती लांबून वाचायचं आहे, त्यातला ‘ध’ हा ‘ध’च वाटतो की ‘घ’, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की देवनागरीला भूमितीय, भविष्यवेधी घाटाची शीर्षक-अक्षरं हवीत, आणि ती नाइलाजानं चालवून घेण्याजोगी नकोत, उत्तम हवीत. त्यांनी शीर्षकाची हद्द ओलांडू नये. आणि रोमनच्या साच्यात देवनागरी ओतून ती कधीच साधणार नाहीत, ती देवनागरीच्याच सांगाड्यातून घडवावी लागतील.

हा घाट आला कुठून? इटलीत तुरिनच्या नेबिओलो टाइप फाउंड्रीत अलेस्सान्द्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेसे यांनी १९५२ साली ‘मायक्रोग्रामा’ हा टाइप, म्हणजे एका घाटाच्या छापील अक्षरांचा संच, काढला. रुंद, सपाट, कोपरे गोलावलेले चौकोन. त्यातला ‘ओ’ आणि त्या काळच्या टीव्हीचा पडदा यांचा आकार जवळपास एकच. त्यात होती ती फक्त कॅपिटल अक्षरं. १९६२मध्ये नोव्हारेसेनं त्याच घाटाला स्मॉल अक्षरांची जोड देऊन ‘युरोस्टाइल’ केला, आणि पुढची कित्येक दशकं पडद्यावरच्या अवकाशयानांवर आणि त्यांच्या नियंत्रणकक्षांत याच कुळातली अक्षरं दिसत राहिली. आज फुकट उतरवून घेता येणारे ‘मायक्रोमा’ आणि ‘ऑर्बिट्रॉन’ हे त्यांचेच वंशज. दुसरी शाखा याहून जुनी. पाउल रेनरचा ‘फ्युचुरा’ १९२७ साली जर्मनीत आला, वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण यांच्या पायावर उभा राहिलेला. दोन्ही शाखांचा हेतू एकच होता, लिहिणाऱ्या हाताची खूण पुसायची आणि अक्षर यंत्रातून निघाल्यासारखं दाखवायचं.

इथेच विरोधकांचा पहिला आक्षेप येतो की हा सगळा पोशाखीपणा आहे. आक्षेपात तथ्य आहे. घरातलं चेकबुक काढून तळाची ओळ पाहा. ते आकडे ‘ई-१३बी’ या ठशातले, दहा अंक आणि चार खुणा मिळून चौदाच चिन्हं. एखाद्या अंकाचा एकच भाग मधेच जाड होतो, जणू तिथे गाठ आली आहे. ती गाठ हौसेची नाही. शाई चुंबकीय असते आणि यंत्राला प्रत्येक अंकाचा संकेत वेगळा मिळावा लागतो, म्हणून जाडी अशी विषम वाटलेली असते. पुढे त्याच गाठी रोमन अक्षरांना चिकटवून ‘डेटा ७०’सारखे टाइप निघाले, आणि यंत्राची निकड होती ती माणसांसाठी ‘कॉम्प्युटर’चा वेश होऊन बसली. तो टाइप वाचायला कुठल्याच यंत्राला नको होता. शिवाय असा वेश लवकर शिळा होतो. सत्तरच्या दशकातलं भविष्य आज बघताना आधी सत्तरचं दशकच दिसतं.

पण वेश आहे म्हणून ते टाकाऊ कसं? शीर्षक-अक्षराचं कामच मुळी वेशाचं आहे. मजकूर वाचण्याआधी, लांबूनच, हे कशाबद्दल आहे ते कळावं यासाठी ते असतं. नाटकाच्या जाहिरातीत कमल शेडगे नावाची अक्षरं काढायचे तेव्हा ते हेच करत होते. नाटक ऐतिहासिक आहे की फार्स आहे, हे शब्द लागण्याआधी डोळ्याला कळायचं. त्या अक्षरांत कुणी अग्रलेख छापा असं कधी म्हटलं नाही, आणि अग्रलेख छापता येत नाही म्हणून ती अक्षरं वाईटही ठरली नाहीत. शिळेपणाचा मुद्दाही वाटतो तितका पक्का नाही. अपोलो ११च्या यानानं जुलै १९६९मध्ये चंद्रावर जो धातूचा फलक ठेवला त्यावरची अक्षरं ‘फ्युचुरा’तली आहेत, म्हणजे तेव्हाच बेचाळीस वर्षं जुन्या टाइपातली. नासानं १९७५मध्ये स्वतःसाठी एकाच जाडीच्या, वळसे घेत जाणाऱ्या अक्षरांचं बोधचिन्ह घेतलं. त्यातल्या दोन्ही ‘ए’ना आडवी दांडी नव्हती. १९९२मध्ये ते काढून टाकलं आणि २०२०मध्ये अंतराळवीर नेणाऱ्या रॉकेटच्या अंगावर पुन्हा रंगवलं. जे नीट बांधलेलं असतं ते शिळं होऊनही परत येतं.

दुसरा आक्षेप वाचनीयतेचा, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. नेदरलँड्सच्या विम क्रौवेलनं १९६७मध्ये ‘न्यू अल्फाबेट’ मांडला. तेव्हाच्या नव्या फोटोटाइपसेटिंग, म्हणजे शिशाऐवजी प्रकाशानं अक्षरं जुळवणाऱ्या, यंत्रांच्या पडद्यावर गोलाई दातेरी व्हायची. क्रौवेलनं उलटा विचार केला. यंत्राला गोलाई जमत नसेल तर अक्षरातूनच गोलाई काढून टाकू. आडव्या रेषा, उभ्या रेषा आणि कोपऱ्याला ४५ अंशांचा छेद, बस. तर्क निर्दोष होता, पण त्यातली कित्येक अक्षरं ओळखूच येत नाहीत. क्रौवेलनंही तो रोजच्या वापरासाठी केला नव्हता, ती एक मांडणी होती, चर्चेसाठी ठेवलेली. २०११मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टनं तो आपल्या संग्रहात घेतला. संग्रहालयात जागा मिळाली, वर्तमानपत्रात मिळाली नाही, आणि दोन्ही योग्यच झालं.

यावर भूमितीवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं की वाचनीयता ही सवयीची गोष्ट आहे, जे जास्त वाचतो तेच सोपं वाटतं. हे अर्धंच खरं आहे. अनोळखी अक्षर वेगळं आणि गोंधळाचं अक्षर वेगळं. अनोळखी अक्षर चार वेळा पाहिलं की ओळखीचं होतं. पण दोन अक्षरांमधला फरकच पुसून टाकला तर सवय काय करणार? देवनागरीत हा धोका रोमनपेक्षा मोठा आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे न पाहता दोन्ही बाजू भांडतात.

‘घ’ आणि ‘ध’ शेजारी लिहून पाहा, मग ‘म’ आणि ‘भ’. ‘घ’वर शिरोरेषा सलग जाते. ‘ध’वर ती डावीकडे थांबते, आणि त्या मोकळ्या जागेत अक्षराचं टोक आत मुरडतं. ‘म’ आणि ‘भ’ यांचंही तेच. म्हणजे शिरोरेषा हा निव्वळ दागिना नाही, ती जिथे तुटते तिथे अर्थ बदलतो. आता ही चार अक्षरं चौकटीत बसवा, मुरड सरळ करा, वर शिरोरेषाही काढा. ‘धडा’चा ‘घडा’ होतो आणि ‘भरण’चं ‘मरण’. कुठल्या पतपेढीला किंवा विमा कंपनीला हे परवडेल? ‘शिरोरेषा टाका’ म्हणणारे गुजरातीकडे बोट दाखवतात. दाखवावं. पण गुजरातीनं शिरोरेषा सोडली ती लिहिता लिहिता, पिढ्यान्‌पिढ्या, आणि त्याबरोबर तिची वळणंही बदलत गेली. आपल्यातलेही पुष्कळ जण हातानं लिहिताना वरची रेघ ओढत नाहीत, आणि ते वाचता येतं. का येतं? कारण रेघ गाळणारा माणूस ‘ध’ची आणि ‘भ’ची मुरड नकळत जास्त मोठी काढतो. एक खूण गेली म्हणून दुसरी वाढवतो. शिरोरेषाविरहित शीर्षक-अक्षर काढणाऱ्यानं एवढं पथ्य पाळलं तर माझी त्याला हरकत नाही. पण बाजारात दिसणाऱ्या बहुतेक ‘मॉडर्न’ देवनागरीत रेघही जाते आणि मुरडही जाते.

तिसरा आक्षेप सुलेखनकारांचा, आणि तो मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. देवनागरीचं जाड-बारीक तिरक्या कापलेल्या बोरूतून आलं, ती लय लिपीचा प्राण आहे, एकाच जाडीच्या रेषेत ती मरते, असं त्यांचं म्हणणं. पोथ्या पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. पण बोरू हा देवनागरीचा एक काळ आहे, सगळं आयुष्य नाही. ताम्रपटांवर अणकुचीदार हत्यारानं कोरलेल्या अक्षरांत जाड-बारीकचा खेळ पुष्कळदा नावापुरताच दिसतो, तरी ती नागरीच असते. मोडी लिहिणारे आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचे आणि मग त्यांना अक्षरं लटकवत जायचे. वेगानं लिहायचं होतं म्हणून लिपी तशी झाली. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात देवनागरी शिशात उतरली तेव्हा बोरूचं वळण राखण्यासाठी केवढी मेहनत झाली, आणि तरीही खिळ्याच्या, म्हणजे अक्षराच्या शिशाच्या ठशाच्या, चौकटीनं अक्षराला शिस्त लावलीच. जोडाक्षरांच्या शेकडो खिळ्यांनी जुळाऱ्यांचा जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या घटवण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी ‘इ, उ’ऐवजी ‘अि, अु’ची बाराखडी रेटली. लिपीसुधारणेसाठी भरलेल्या १९५३च्या लखनौ परिषदेनं तर ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे न्यायचं ठरवलं होतं, आणि लोकांनी ते झुगारलं.

या इतिहासात मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. अक्षराच्या पेहरावात केलेले बदल टिकले. अक्षराची ओळख जिथे हलवली, लिहिण्याचा क्रम जिथे मोडला, तिथे समाजानं नकार दिला. सुलेखनकारांची भीती दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, पण त्यांचा राग पहिल्यावर निघतो. र. कृ. जोशींचं उदाहरण त्यांनीच आठवावं. हातात कुंचला आणि बोरू असलेला हा माणूस, अक्षरांची कविता करणारा, आणि विंडोजवर वर्षानुवर्षं ज्यात आपण मराठी वाचली तो ‘मंगल’ फाँटही त्यांचाच. हात आणि यंत्र यांत त्यांना एक निवडावं लागलं नाही. मग बाकीच्यांनी का निवडावं?

‘हे आपलं नाही, परकं आहे’ हा युक्तिवाद मात्र मला सरळसरळ धोक्याचा वाटतो. जर्मनीत हे होऊन गेलंय. तिथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ‘फ्राक्टुर’ हे जुनं टोकदार अक्षर अस्सल जर्मन आणि गोलाईचं रोमन अक्षर परकं, असा वाद पेटला होता. नाझी सत्तेवर येताच १९३३मध्ये ‘फ्युचुरा’कार रेनरला अटक झाली, म्युनिचमधल्या मुद्रणशाळेचं प्रमुखपद गेलं. आणि ३ जानेवारी १९४१ला त्याच राजवटीनं एक परिपत्रक काढून फ्राक्टुरला ‘ज्यूंची अक्षरं’ ठरवलं आणि त्यावर बंदी घातली. त्या परिपत्रकाच्या माथ्यावरची छापील अक्षरं जुन्या टोकदार वळणाचीच होती. कालपर्यंत राष्ट्राचा प्राण असलेलं अक्षर एका कागदानं शत्रूचं झालं. अक्षराला जात-धर्म-देश चिकटवला की पुढे असंच होतं, कारण मग अक्षर वाचता येतं का हा प्रश्न उरत नाही, ते कुणाचं एवढंच उरतं.

आता देवनागरीच्या स्वतःच्या भूमितीकडे या. उभा काना आणि आडवी शिरोरेषा, म्हणजे काटकोन आपल्या लिपीत जन्मापासून आहे. ‘ठ’ म्हणजे दांडीखाली टांगलेलं वर्तुळ, ‘ट’ म्हणजे तेच एका बाजूनं उघडलेलं. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘पॉपिन्स’ पाहा. त्यातली देवनागरी निनाद काळे यांनी केली आहे, वर्तुळावर आधारलेली, जवळजवळ एकाच जाडीची, आणि शेजारच्या रोमनपुढे कुठेही उपरी न वाटणारी. त्याच फाउंड्रीचे ‘राजधानी’ आणि ‘तेको’ चौकोनी आणि अरुंद अंगाचे, अगदी ज्याला लोक फ्युचरिस्टिक म्हणतात तसे, तरी त्यांत शिरोरेषा जागेवर आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ भूमितीय नाही, पण तो इतका जाडजूड आहे की अक्षराच्या आतल्या पोकळ्या केसाएवढ्या उरतात, आणि तरी शब्द लागतो. देवनागरी ताण सोसते. तिला काचेच्या भांड्यासारखं जपणाऱ्यांनी तिच्या ताकदीचा अंदाजच घेतलेला नाही.

पण हे काम अवघड आहे, रोमनहून फार अवघड, हे मान्य करायला हवं. ‘मायक्रोग्रामा’ फक्त कॅपिटल अक्षरांत निघाला हा योगायोग नव्हता. कॅपिटल अक्षरं सगळी एका उंचीची असतात, त्यांच्या वर-खाली काही नसतं, म्हणून त्यांचे ठोकळे सुरेख रचता येतात. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. ‘मुंबई’ एवढाच शब्द घ्या. खाली उकार, वर अनुस्वार, आणि ‘ई’च्या डोक्यावरचा फाटा. तीन अक्षरांत तिन्ही मजले भरले. ठोकळ्याची उंची कुठून कुठपर्यंत धरायची? अनुस्वार गोल ठेवायचा की चौकोनी? चौकोनी केला तर शिरोरेषेपासून किती दूर, म्हणजे लांबून तो रेघेवरचा डाग वाटणार नाही? ‘ळ’ची दोन वेटोळी चौकोनी झाली की तो आडवा पडलेला आठ दिसू लागतो. ‘ऱ्य’ तर कित्येक फाँटमध्ये धडपणे नसतोच, आणि मराठी माणसाच्या सवयीचे ‘ल’ आणि ‘श’ यांच्याऐवजी हिंदी वळणाचे येतात. ही कामं सोडवायला वेळ आणि पैसा लागतो. मग सोपी वाट घेतली जाते. रोमन टाइपाचे तुकडे उचलायचे, ‘यू’ उलटा करून ‘न’सारखं काही जुळवायचं, आणि झाली भविष्यवेधी देवनागरी. पहिल्या बाजूचा संताप अशा अक्षरांवर असतो तेव्हा मी त्यांच्या बाजूला उभा आहे.

तरीही त्यांच्या निष्कर्षाला मी का जाऊन मिळत नाही, याचं उत्तर रस्त्यावर आहे. महाराष्ट्रात २०२२च्या कायदादुरुस्तीनं दुकानांवर देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असंही आलं, आणि सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या लागल्या. आता त्यांच्याकडे नीट पाहा. मोबाइलच्या, चष्म्यांच्या, कपड्यांच्या दुकानांवर रोमन नाव भूमितीय, खास घडवलेल्या अक्षरांत, प्रत्येक कोपरा विचारानं गोलावलेला. आणि मराठी नाव संगणकावर जो फाँट आधी हाती लागला त्यात, ताणून रोमनच्या रुंदीला बसवलेलं. कायद्यानं अक्षराची उंची मोजली, आणि तिथे कायदा पाळलाही गेला. पण येणाऱ्याजाणाऱ्याला ती पाटी काय सांगते? दुकान इंग्रजीत आहे आणि मराठी ही दंड टाळण्यासाठी लावलेली पट्टी आहे. इस्रोच्या बोधचिन्हात डावीकडे भगव्या रंगात देवनागरी आणि उजवीकडे निळ्या रंगात रोमन शेजारी शेजारी बसतात. अवकाश संस्थेला हे जमतं तर चष्म्याच्या दुकानाला का जमू नये?

नवं दिसण्याचा हक्क देवनागरीला नाकारला तर तिच्याकडे उरतं काय? लग्नपत्रिका, देवळाची कमान, शिवजयंतीचा फ्लेक्स. ती सगळी सुंदर, जिव्हाळ्याची ठिकाणं आहेत, पण ती भूतकाळाची आहेत. परदेशातल्या भारतीय हॉटेलांच्या पाट्या पाहा. रोमन अक्षरांवर एक आडवी रेघ ओढतात आणि ती देवनागरीसारखी दिसायला लावतात, म्हणजे मसाल्याचा वास आला पाहिजे. तिथे आपल्या शिरोरेषेचा अर्थ ‘जुनं, गूढ, पूर्वेकडचं’ एवढाच होतो. तिथली मराठी मुलं आपल्या लिपीची ओळख या पाट्यांवरून करून घेतात. त्यांना देवनागरीत एखाद्या रोबोटिक्स स्पर्धेचं नाव दिमाखात लिहिलेलं दिसावं असं मला मनापासून वाटतं.

हद्दीबद्दल मात्र मी हट्टी आहे. रेल्वे स्थानकांच्या पिवळ्या पाट्या, रस्त्यावरचे दिशादर्शक, औषधाची वेष्टनं, मतपत्रिका, पाठ्यपुस्तकं, बँकेचे अर्ज, ॲपमधल्या सूचना, इथे ही अक्षरं येता कामा नयेत. धावत्या गाडीतून पाटी वाचणाऱ्याला आणि मोतीबिंदू झालेल्या आजीला अक्षराचा वेश नको असतो, अक्षर हवं असतं. चार शब्दांपुढे मजकूर गेला की भूमितीय शीर्षक-अक्षरानं बाजूला व्हावं. हा नियम मी जुन्या वळणाच्या नक्षीदार अक्षरांनाही लावतो. ती आपली आहेत म्हणून त्यांना सूट नाही.

त्यामुळे वाद घालायचाच तर तो पाटी करून घेणाऱ्याशी घाला. नाव ठरतानाच देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसानं किंवा एकमेकांशी बोलणाऱ्या दोन माणसांनी काढावीत, आणि देवनागरीला तेवढेच पैसे मिळावेत. रोमन आधी आणि मराठी छपाईच्या आदल्या रात्री, ही पद्धत बंद व्हावी. कलाशाळांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक नवी रोमन लिपी करायला लावण्याऐवजी ‘धडा’, ‘घडा’, ‘मुंबई’, ‘सह्याद्री’, ‘वाऱ्यावर’, ‘काळोख’ एवढे सहा शब्द नव्या घाटात काढायला लावावेत. ज्याला कंपनीचं नाव लिहून हवं आहे त्यानंही आधी हेच सहा शब्द मागावेत, ते मोठे छापून रस्त्याच्या पलीकडे लावावेत, शेजारच्या दुकानातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगावेत, आणि तो अडखळला नाही तरच बिल चुकतं करावं.